तपासणी आधी कोणाची?

लातूरला आमच्या गल्लीतली एखादी नवी सून दुपारी येऊन बसते आणि हळूच विचारते, “काकू, मूल होत नसेल तर तपासणी आधी कोणाची करायची?” तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून लिहिते. दोघांची एकदमच करा. मागेपुढे करायचेच असेल, तर आधी नवऱ्याची करा.

आमच्याकडे सहा वर्षे फक्त माझीच तपासणी होत राहिली. सोनोग्राफी झाली, गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहणारा एक्स-रे झाला, भूल देऊन दुर्बिणीची तपासणी झाली, येरमाळ्याच्या येडाईला नवस झाला. आणि जावेच्या डोहाळजेवणात माझ्यापुढे आलेले ओटीचे ताट एका वडीलधाऱ्या बाईने न बोलता पुढे सरकवले. माझे रिपोर्ट दरवेळी चांगलेच येत होते.

सातव्या वर्षी यांची वीर्यतपासणी झाली. तीन दिवस संबंध टाळायचे, नमुना छोट्या डबीत घ्यायचा आणि ती अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात लॅबमध्ये पोचवायची, एवढेच. यांनी ती बंडीच्या आतल्या खिशात, वरून हात दाबून नेली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मापदंडानुसार एका मिलिलिटरमागे किमान १ कोटी ६० लाख शुक्राणू अपेक्षित असतात. यांचे ४० लाख होते. अंडकोशाच्या शिरा फुगल्या होत्या. शुक्राणू नीट तयार होण्यासाठी अंडकोश शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी थंड राहावे लागतात आणि या आजारात तिथली उष्णता वाढते.

पुरुष ही तपासणी टाळतात, कारण तिचा संबंध ते मर्दपणाशी जोडतात. शरीरसंबंधात काहीही अडचण नसलेल्या पुरुषाचेही शुक्राणू कमी असू शकतात, हे त्यांना कोणी समजावूनच सांगत नाही. व्यायामशाळेत घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी तर शुक्राणू बनणे बंदही पडू शकते. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे उपचारांचा परिणाम पंधरा दिवसांत दिसत नाही.

बाईच्या बाजूने पीसीओएस (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार), बंद नलिका किंवा गर्भाशयाचा क्षयरोग अशी कारणे असतात, तीही वेळेत शोधावीत. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर डॉक्टरांकडे जावे. पस्तिशी ओलांडलेली असेल तर सहा महिन्यांतच.

यांच्या त्या फुगलेल्या शिरांच्या शस्त्रक्रियेनंतर दीड वर्षाने आम्हाला मुलगी झाली, पण सगळ्यांना तसे यश येतेच असे नाही. यांचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी यांनी तो स्वतः सासूबाईंना वाचून दाखवला होता. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “सहा वर्षे तुलाच नेलं की गं माय.”