बुढीची स्लाइड

हत्तीरोगाच्या तपासणीसाठी दिवसा रक्त घेऊन उपयोग नसतो. हा रोग ज्या कृमींमुळे होतो त्यांची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसभर फुफ्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत दडतात आणि क्युलेक्स डास चावायच्या वेळेला बाहेरच्या रक्तात येतात. त्यामुळे आमच्या पथकाची गाडी गावात शिरते ती लोक अंथरुणाला पाठ टेकतात तेव्हा. ‘दिवसभर का झोपले होते का जी?’ हे दर गावात ऐकून घ्यायचं.

वर्धा जिल्ह्यातलं गाव, कापूस वेचणीचे दिवस. एका ओसरीवर म्हातारी बसलेली. उजवा पाय गुडघ्याखाली सुजून कातडी जाड पडलेली, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. खाट वेगळी, पेला वेगळा.

‘पयले बुढीचं घ्या,’ सून म्हणाली. ‘तिलेच हाये. आमाले काई नाई.’

मुलगा बोट पुढे करेना. ‘मले काय झालं? पोतं एकटा उचलतो मी.’

‘भाऊ, तुमी देल्याबिगर मी हालत नाई,’ म्हणून आशाताई पायरीवरच बसल्या. असल्या वेळी आमच्या ओळखपत्रापेक्षा आशाताईंचं ते बसणं कामी येतं. घरातल्या सगळ्यांचं रक्त मिळालं.

दुसऱ्या दिवशी स्लाइडी पाण्यात धरून रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या. बुढीची स्वच्छ. मुलाच्या स्लाइडीवर मात्र मायक्रोफायलेरिया वळसे घालून पडलेले, अंगभर जांभळ्या ठिपक्यांसारखी केंद्रकं, शेपटीचं टोक तेवढं मोकळं. वुचेरेरिया बँक्रॉफ्टीची ती खूण.

आम्हाला याचं नवल वाटत नाही. पाय हत्तीसारखा होतो तो कृमींनी लसीकावाहिन्यांची, म्हणजे अंगातला द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांची, वर्षानुवर्षं नासाडी केल्यावर, आणि त्या टप्प्यावर रक्तात पिल्लं बहुधा सापडत नाहीत. डासाला ती पुरवतो तो धडधाकट माणूस. पण हे त्या घरात सांगायचं कसं?

संध्याकाळी मुलाला गोठ्याकडे नेऊन एकट्यालाच सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘आईपासून लागलं का मले?’

‘डासापासून. आता तुमच्या रक्तातून डास दुसऱ्याला देईल.’

‘मंग पेल्याचं काईच नाई?’

‘काईच नाई.’

मागच्या मोहिमेत गावात सगळ्यांना वाटलेल्या हत्तीरोगाच्या गोळ्या घेतल्या होत्या का, विचारलं. घरात जाऊन त्यानं देवाच्या फोटोमागून डबा आणला. घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या जशाच्या तशा. ‘बाजूच्याले ताप आला होता ना.’ तो ताप बहुतेक रक्तातली पिल्लं मरताना येतो, म्हणजे आधी ती अंगात असावी लागतात. दर साली गावातल्या किमान ६५ टक्के लोकांनी गोळ्या खरोखर गिळल्या तरच साखळी तुटते. जानेवारी २०१९ मध्ये शेजारच्या नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिनसह तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली. देशातून हत्तीरोग घालवायची मुदत आधी २०१५ होती, आता २०२७ आहे. मुदती ठरवणाऱ्यांनी असे डबे एकदा बघावेत. समोर गिळायला लावा, असं वरून दर वेळी बजावतात ते उगाच नाही.

मुलाला बारा दिवसांचा डीईसीचा, म्हणजे हत्तीरोगाच्या कृमींवरच्या औषधाचा, कोर्स. पहिली मात्रा जेवण झाल्यावर माझ्यासमोर घेतली. बुढीचा पाय गोळीनं पूर्ववत होणार नव्हता. रोज साबणानं धुणं, बेचक्या कोरड्या करणं, मलम, बसताना पाय उंच ठेवणं. एवढं केलं तरी मधूनमधून थंडी-तापानं पाय लाल होतो ते कमी होतं. पाय धुवायला टब आणि पाण्याचा मग्गा आम्ही दिला.

तिचा निकाल तिलाच सांगितला.

‘म्हंजे माहं रगत चांगलं हाये?’

‘हो आजी.’

‘आइकलं का वं!’ ती सुनेवर ओरडली, गल्लीभर ऐकू जाईल असं. मुलगा काहीच बोलला नाही. टबात पाणी कोण ओतणार यावरून सासू-सुनेची जुंपली आणि आम्ही निघालो. पुढच्या गल्लीत डासांसाठी संडासाच्या पाइपांना जाळ्या बांधायच्या होत्या.