झोपेचं सोंग

दुपारचं जेवून पंख्याखाली जरा लवंडलो होतो, तेवढ्यात भाचीने स्वीडनमधल्या उप्सालाहून व्हिडिओ पाठवला. अंधारी खोली. आमचे भाचेजावई गळ्यापर्यंत पांघरूण ओढून पडलेले. दारातून ट्रे आत येतो. त्यावर कॉफी, मेणबत्ती खोचलेला केक, स्वीडनचा टीचभर झेंडा. ट्रेमागून नातू भसाड्या आवाजात गातोय. भाचेजावयांच्या पापण्या मात्र थरथरत होत्या. माणूस टक्क जागा होता.

फोन केला तर ती म्हणाली, "मामा, इथे असंच असतं. ज्याचा वाढदिवस त्याने झोपायचं. जाग आली तरी."

म्हणजे स्वयंपाकघरात भांडी आदळतायत, काडेपेटी सापडत नाही म्हणून कुजबूज चाललीय, आणि उत्सवमूर्तीने आत निपचित पडून वाट बघायची. बाथरूमला जायचं असलं तरी दम धरायचा. मग सगळे आत येऊन शंभर वर्षं जगण्याचं गाणं म्हणतात आणि शेवटी चार वेळा 'हुर्रा' करतात. बरोबर चार. गाण्याला पुढचं कडवंही आहे: शंभर पुरी झाली की उत्सवमूर्तीला हातगाड्यावर घालून ढकलत न्यायचं. 'शतायुषी हो' म्हणणाऱ्या आमच्या थोरामोठ्यांनी एकशेएकाव्या वर्षाची सोय कधी सांगितली नाही.

सोलापूरचा माणूस हे सगळं मुकाट्याने करतो याचं मला हसू आलं आणि जरा हेवाही वाटला. कारण माझा एक जुना प्रश्न आहे. आपल्यासाठी चारचौघं गात असताना तोंडाचं काय करायचं? लहानपणी पाटावर बसवून औक्षण व्हायचं. आधी आई, मग काकू, मग आत्या. निरांजनाकडे बघितलं तर डोळ्यांत पाणी, आईकडे बघितलं तर हसू, आणि दाराशी चुलतभाऊ वेडावून दाखवायला उभाच. मी बहुतेक वेळा ताम्हणातल्या सुपारीकडे बघायचो. पुढे केक आले, 'हॅपी बर्थडे' आलं, तेव्हा सुपारीही गेली. आपणही टाळ्या वाजवाव्यात का? स्वतःचं नाव स्वतः गावं का? मी अजून सुरीकडे बघतो. स्वीडिश लोकांनी यावर डोळे मिटून घेण्याचा तोडगा काढलाय.

अर्थात दिवस उजाडला की सुटका नाही. ऑफिसात केक आपला आपण न्यायचा. भाची तिकडे नवी होती तेव्हा वाढदिवसाला कुणी काही बोलेना म्हणून दिवसभर फुरंगटून बसली होती. लोक बिचारे तिच्या केकची वाट बघत असणार. पण हे तर आपलंच. गणवेशाऐवजी रंगीत कपडे, हातात गोळ्यांचा डबा, आणि दुसऱ्या वर्गातल्या बाईंना गोळी द्यायला सोबत कुणाला न्यायचं यावरून वर्गात अबोला.

तिकडे मुलांच्या पार्टीच्या कार्डावर संपण्याची वेळही छापतात. दोन ते चार. चारला आईबाप दारात हजर. यावर आमच्या घरातलं मत विभागलेलं आहे. मी कार्डाच्या बाजूने आहे, कारण आमच्याकडे 'निघतो आता' म्हटल्यावर चपलांपाशी नवी मैफल सुरू होते. पार्टीत चादर आडवी टांगतात. मुलं काठीला बांधलेली दोरी पलीकडे टाकतात. दोरीच्या टोकाला कपड्यांचा चिमटा, आणि पलीकडे लपलेलं मोठं माणूस त्याला खाऊची पिशवी अडकवतं. याला मासे पकडणं म्हणतात. भेटी सगळ्यांसमोर फोडायच्या आणि कुणाची आधी हे बाटली फिरवून ठरवायचं. आमच्याकडे पाहुणे जाईपर्यंत कागदाला हात लावला तर आई चिमटा काढायची.

आणि हे सगळं तिथे भलतंच गांभीर्याने घेतात. 2008 मध्ये लुंड गावात आठ वर्षांच्या एका मुलाने वर्गात आमंत्रणं वाटली, पण दोघांना वगळलं. शाळेने कार्डंच काढून घेतली. कुणी वगळलं जाऊ नये, ही शाळेची जबाबदारी म्हणे. बाप चिडला आणि प्रकरण थेट संसदेच्या लोकपालाकडे. मला आमच्या वर्गातले, मी न बोलावलेले दोघे लगेच आठवले. नावं सांगत नाही. एक हल्ली माझ्याच सोसायटीत राहतो.

पन्नाशीला तर घर उघडं ठेवायचं. कुणीही यावं, फुलं द्यावीत, कोळंबी आणि अंड्यांनी सजवलेला सँडविचचा केक खावा. ज्याला हे नको असेल तो वर्तमानपत्रात दोन शब्द छापतो: सत्कार नको. किंवा नुसतं: परगावी. यातले निम्मे लोक पडदे ओढून घरातच बसत असणार, असा माझा दाट संशय आहे.

पण वाढदिवस लपवणं तसं तिथे कठीणच. 1947 पासून तिथे माणसाला जो सरकारी नंबर मिळतो त्याची सुरुवातच जन्मतारखेने होते. बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे आधी तीच सांगायची. आमच्या आजोबांची जन्मतारीख 1 जून. त्यांच्या भावाचीही 1 जून. गावातल्या निम्म्या पुरुषांची 1 जून, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीची तारीख टाकली. आजी शाळेतच गेली नाही, त्यामुळे तिला तीही मिळाली नाही. पावसाळ्यात झाले म्हणायची, भात लावणीच्या सुमाराला. घरात कुणाचाही वाढदिवस असला की तांदूळ निवडून अक्षता तीच करायची, वातही तिच्याच हातची. तिला कुणी पाटावर बसवलेलं मला आठवत नाही. गेली तेव्हा ती पंच्याऐंशीची होती की नव्वदीची, हे आम्ही अजून अंदाजानेच सांगतो.