शून्य अंशासाठी शंभर ओहम

द्राक्षांच्या ऐन हंगामात दिंडोरी तालुक्यातील एका शीतगृहाच्या मालकांचा फोन आला. कंट्रोलरवर शून्य अंश दिसत असताना खोलीत टांगलेला काचेचा तापमापक उणे साडेतीन दाखवत होता. आधीच्या तंत्रज्ञाने तापमापकालाच खोटे ठरवले होते आणि तरीही सेन्सर बदलून पैसे घेतले होते. न मोजता भाग बदलण्याची ही सवय आमच्या व्यवसायाला लागलेली कीड आहे.

सेन्सर पीटी-100 जातीचा होता. शून्य अंशाला त्याचा रोध 100 ओहम असतो आणि पुढे दर अंशाला सुमारे 0.39 ओहमने वाढतो; म्हणून त्याच्या जागी 100 ओहमचा रेझिस्टर लावला, की कंट्रोलर खरा की खोटा ते लगेच कळते. परंतु माझी डिकेड बॉक्स, म्हणजे हवा तो रोध बटणे फिरवून लावता येणारी पेटी, अंबडच्या एका कारखान्यात राहिली होती आणि पेटीतले रेझिस्टर पाच टक्के टॉलरन्सचे होते, म्हणजे 95 ते 105 यांमध्ये कोठेही असू शकणारे, आणि येथे एका ओहमची चूक म्हणजे अडीच अंशांची चूक. साडेचार अंकी मल्टिमीटरवर, त्याच्या वायरींचा रोध वजा करत, मी एकेक मोजला. बहुतेक 98-99 भरले. त्यांना एकसर जोडण्यासाठी एक-दीड ओहमचा रेझिस्टर पेटीत नव्हता. अखेर 102.4 ओहमचा एक सापडला, त्याला 4.3 किलोओहमचा समांतर जोडला आणि हिशेब 100.02 वर आला. या जोडणीची खुबी अशी, की समांतर लावलेला तो मोठा रेझिस्टर पाच टक्क्यांनी चुकीचा निघाला, तरी एकूण रोध जेमतेम 0.12 ओहमने हलतो. शाळेत मुले समांतर जोडणीचे सूत्र पाठ करतात, पण त्याचा असा उपयोग त्यांना कोणी करून दाखवत नाही, याची मला खंत वाटते.

ही जोडी कंट्रोलरच्या टर्मिनलवर लावली तेव्हा 0.0 आले, तीच खोलीत, सेन्सरच्या जागी लावली तेव्हा 3.6. दोष केबलचा होता. हंगामाआधी सेन्सरची जागा बदलताना तीन तारांऐवजी दोनच तारांची 20 मीटर केबल ओढून तिसरे टर्मिनल कंट्रोलरपाशीच तुकड्याने जोडले होते. तिसरी तार सेन्सरपर्यंत गेली, तरच कंट्रोलर तारांचा रोध ओळखून वजा करू शकतो. जाऊन-येऊन 40 मीटर, अर्धा चौरस मिलिमीटर जाडीचे तांबे, म्हणजे सुमारे 1.4 ओहम. तारेचा हा रोध कंट्रोलर खोलीची उष्णता समजत होता आणि कॉम्प्रेसर चालूच ठेवत होता.

रात्र झाली होती, खोली मालाने भरलेली होती आणि नवी केबल सकाळशिवाय मिळणार नव्हती. "साहेब, आकड्यातच साडेतीन वजा करून द्या ना," असे मालक म्हणाले. तांब्याचा रोधही तापमानाबरोबर बदलतो, त्यामुळे पत्र्यावरून गेलेल्या त्या तारेचा दुपारचा आणि रात्रीचा ऑफसेट, म्हणजे वजा करायचा आकडा, एक नसतो, हे त्यांना समजावून मी केवळ एका रात्रीपुरता तो घातला. सकाळी तीन तारांची केबल ओढली, ऑफसेट काढला आणि तीच जोडी खोलीत पुन्हा लावून 0.0 पाहिल्यावरच सेन्सर जोडला.

द्राक्षाचा घड उणे दोन-तीन अंशांच्या सुमारास गोठू लागतो. हंगामाच्या सुरुवातीपासून त्या खोलीतून बाहेर पडलेल्या मालाचे पुढे काय झाले, हे मालकांना विचारण्याचे धाडस मला त्या दिवशी झाले नाही आणि अजूनही झालेले नाही.