तापीत होडी, होडीला ग्रिल: दिवाळीनंतरचं काम कुठवर आलं

मागच्या नोंदीत होडीचा तळ घासून, रंग मारून झाला होता आणि पुढचं काम ग्रिलचं असं लिहून थांबलो होतो. ते आता बऱ्यापैकी मार्गी लागलंय. ग्रिल बसली, नांगर टाकून तिच्यावर मासे भाजून झाले, वारा पडलेला असताना आणि सुटलेला असतानाही पेटवून पाहिली. जे अजून अर्धवट आहे ते शेवटी सांगतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: १६ फुटी फायबरची उघडी होडी, मागे छोटं पेट्रोल इंजिन, पेट्रोलची सुटी टाकी, मध्ये दोन फळ्या बसायला. पाणी नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेडा बॅरेजच्या, म्हणजे दरवाजे असलेल्या बंधाऱ्याच्या, वरच्या अंगाचं. सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा अशी तीन बॅरेज ओळीने असल्यामुळे आपल्याकडे तापीत पावसाळ्यानंतरही पाणी थोपलेलं असतं. दरवाजे उघडायचे दिवस आले की होडी घरी. दरवाज्यांच्या जवळ तर कुठल्याच महिन्यात जायचं नाही, हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

आता मूळ मुद्दा. परदेशी व्हिडिओंत होडीच्या काठाला लटकवलेल्या चकचकीत गॅस ग्रिल दिसतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की जागा वाचावी म्हणून त्या बाहेर टांगल्यात. जागेचा त्यात थोडाच भाग आहे. होडी म्हणजे पाण्यावर ठेवलेली परात. वरून मोकळी, पण खालून आणि चारी बाजूंनी बंद. एलपीजी हवेपेक्षा जड असतो; त्यातला प्रोपेन साधारण दीडपट, ब्युटेन जवळजवळ दुप्पट. स्वयंपाकघरात गळती झाली तर दार उघडलं की तो जमिनीलगत बाहेर सरकतो. होडीत त्याला सरकायला जागाच नाही. तो फळ्यांखाली, बॅटरीच्या पेटीशी, पाणी उपसायच्या पंपाशी साचून बसतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास गॅस झाला की ठिणगीचं निमित्त पुरतं, आणि पंपाचं बटण दाबणं हे तसं निमित्त आहे. गॅसला वास घातलेला असतो हे खरं, पण आपलं नाक वर असतं आणि गॅस पायाशी.

म्हणून मी एकच अट धरून सगळं काम केलं: गॅसशी संबंधित कुठलीही वस्तू काठाच्या आत राहणार नाही. बर्नर बाहेर, जोड बाहेर, गॅसचा डबा बाहेर. गळलाच तर पाण्यावर पडू दे आणि वाऱ्याने जाऊ दे.

या अटीत घरची १४.२ किलोची टाकी बाद होते, ते ठीकच. ५ किलोच्या छोट्या टाकीवर मात्र बरेच दिवस विचार चालला होता. दाब नीट मिळतो, भरून मिळते, स्वस्त पडते. पण ती काठाबाहेर टांगायची म्हणजे वेगळी चौकट आली, आणि टाकी कायम उभीच राहायला हवी. आडवी झाली तर रेग्युलेटरमध्ये वायूऐवजी द्रव जातो आणि ज्योत एकदम भडकते. लाटेवर डुलणाऱ्या छोट्या होडीत हा भरवसा मला वाटेना. शेवटी ब्युटेनच्या छोट्या डब्यावर चालणारी, झाकणाची टेबलावरची ग्रिल घेतली. डबा तिच्याच कुशीत बसतो, त्यामुळे रबरी नळीचं लफडं नाही. तिच्या गॅसच्या भागाला मी हात लावलेला नाही. तिथे ड्रिल नाही, वेल्डिंग नाही, जुगाड नाही. जे केलं ते तिला धरणाऱ्या पाळण्याला.

पाळणा दोंडाईच्यात करून घेतला. २५ मिलिमीटरचा ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा पाइप, त्याला चौकट, चौकटीला ग्रिलच्या चारही पायांना कवटाळणाऱ्या पट्ट्या. समुद्रावर ३१६ ग्रेड लागतं म्हणतात. तापीच्या गोड्या पाण्याला ३०४ पुरतं. वेल्डर एकाच क्लॅम्पवर भागवायला बघत होता. एका क्लॅम्पवर पाळणा पाइपभोवती फिरू शकतो आणि ग्रिल उलटू शकते, म्हणून दोन क्लॅम्प, हातभर अंतरावर. काठाला स्क्रू मारलेले नाहीत, आरपार बोल्ट आहेत आणि आतून लांब स्टीलची पट्टी, म्हणजे वजन एका भोकावर न येता पसरतं. ग्रिल डबा-जाळीसकट सात किलोच्या आसपास भरते, पण ती बाहेर टांगलेली असल्यामुळे काठाला त्याहून जास्त ओढते. पाळणा बसवल्यावर त्यावर रेतीची अर्धी गोणी टांगून होडी दिवसभर हलू दिली, बोल्ट परत आवळले, मगच पेटवायचं नाव काढलं.

फायबरचा काठ हा यातला नाजूक भाग. साधं पॉलिएस्टर रेझिन शंभर अंशांच्या आतच नरमायला लागतं, आणि पेटलं तर काळा धूर सोडत जळतं. ग्रिलच्या अंगाची धग काठाला किती लागते हे हाताने कळत नाही, कारण हात आपण लगेच मागे घेतो. म्हणून मेणबत्तीचे नखाएवढे तुकडे करून काठावर ओळीने चिकटवले. मेण साधारण ५५ ते ६० अंशांना वितळतं. ग्रिल पूर्ण आचेवर ठेवून समोर बसून राहिलो. जवळचे तीन तुकडे आधी चमकले, मग बसले, मग ओघळून काठाच्या रंगावर पसरले. कडेचे जागेवर राहिले. मग ग्रिल आणि काठ यांच्यामध्ये स्टीलचा पत्रा उभा केला, दोन्हीकडे बोटभर हवा सोडून. पत्रा काठाला चिकटवून लावला तर उपयोग नाही, काम ती हवा करते. पुन्हा तुकडे लावले, पुन्हा तेवढाच वेळ, आणि सगळे जसेच्या तसे. फायबरच्या होडीवर काहीही तापतं बसवणाऱ्याने हे करून बघावं. खर्च एका मेणबत्तीचा.

ग्रिल कुठे बसवायची यावर सगळ्यात जास्त डोकं चाललं. नांगर पुढून टाकला की होडीचं तोंड वाऱ्याकडे होतं आणि मागची बाजू आडोशाला येते. पुस्तकी उत्तर असं की ग्रिल मागे लावा, धूर आणि ज्वाळा होडीपासून दूर जातील. मोठ्या बोटीला ते बरोबर. आमच्या १६ फुटांत मागे इंजिन आणि पेट्रोलची टाकी. पेट्रोलची वाफ तर गॅसहूनही जड. टाकी पुढे नेली तर तिची वाफ वाऱ्याबरोबर ग्रिलकडेच येणार. आणि नांगर मागून टाकायचा विचारही नको. इंजिनच्या वजनाने मागचा भाग आधीच खाली असतो, एक लाट मागून आत आली की होडी भरते.

तोडगा नदीकाठच्या एका जुन्या नाववाल्या आप्पांकडून आला. नांगर पुढूनच, पण नांगराच्या दोराला दुसरा दोर बांधून तो होडीच्या मागच्या कड्यात घ्यायचा आणि ओढून धरायचा. होडी वाऱ्याला सरळ न राहता तिरपी होते. वारा एका कुशीवरून येतो आणि दुसऱ्या कुशीवरून निघून जातो. ग्रिल त्या दुसऱ्या कुशीला, मध्यावर. टाकी मागे, माणसं पुढे, कोणीच कोणाच्या वाऱ्यात नाही. आप्पांना मी ग्रिल दाखवली तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले, "आग शे ती भाऊ, पानीवर शे म्हनीसन थंडी व्हत नही," आणि दोर कसा बांधायचा ते दाखवायला लागले. हा प्रकार मंद वाऱ्यातच. वारा वाढला तर कुशीवर लाटा बसतात; मग दुसरा दोर सोडायचा, ग्रिल बंद, घरून आणलेल्या जेवणाच्या डब्यावर भागवायचं. चैत्र-वैशाखात दुपारनंतर पश्चिमेचा वारा कसा सुटतो ते सांगायला नको. त्या वेळी पेटवायचंच नाही.

पेटवण्याआधी इंजिन थंड होऊ द्यायचं, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू आवळायचा, नळी काढून ठेवायची. पेट्रोल भरायचं ते नदीकाठावर, होडीत नाही. डबा बसवला की गळती बघायला जोडाला साबणाचं पाणी. झाकण उघडं ठेवूनच पेटवायचं, कारण बंद झाकणाखाली गॅस साचतो. वाऱ्याने ज्योत विझली तर लगेच काडी ओढायची नाही. खटका बंद, झाकण उघडं, पाच मिनिटं गप्प बसायचं. ही पाच मिनिटं सगळ्यांनाच जड जातात, विशेषतः पाहुण्यांना.

वजनाचंही बघावं लागतं. ग्रिल एका कुशीला, भाजणारा तिकडेच वाकलेला, आणि "झालं का रे" म्हणत आणखी दोघं तिकडेच सरकतात. पाण्याचे कॅन आणि बर्फाची पेटी समोरच्या कुशीला ठेवतो आणि भाजणाऱ्याशिवाय कोणी त्या बाजूला यायचं नाही असा दंडक आहे. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात, लोंबते पट्टे आत खोचून. पावडरचं एबीसी (घन, द्रव आणि वायू अशा तिन्ही आगींवर चालणारं) अग्निशामक नळकांडं पुढच्या टोकाला. ते ग्रिलशेजारी ठेवलं तर आग लागल्यावर नेमकं आगीतून हात घालून काढावं लागेल. चरबी-तेल पेटलं तर पाणी मारायचं नाही, झाकण लावून खटका बंद करायचा. हात भाजला तर पिण्याच्या कॅनमधलं गार पाणी वीस मिनिटं. त्यासाठी एक कॅन न उघडता ठेवतो.

कोळशाबद्दल ओळखीच्या बापूंशी माझा वाद अजून मिटलेला नाही. त्यांचं म्हणणं, गॅसवर भाजलेल्याला चव नाही. चवीपुरतं मान्य. पण कोळशाला खटका नसतो. वारा फिरला, लाट आली, पलीकडून दुसरी होडी जोरात गेली, तर निखारे तसेच असतात, आणि एक निखारा नायलॉनच्या दोरावर पडला की नांगर गेला. पाणी ओतलं तर वाफ आणि राख अंगावर उडते. राखेखालचा कोळसा दुसऱ्या दिवशीपर्यंत गरम राहू शकतो, म्हणून तो पिशवीत भरून होडीत ठेवणं म्हणजे आग सोबत घेऊन फिरणं.

याहून मोठी भीती थंडीची आहे. दत्तजयंतीच्या सुमाराला, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या दिवसांत, रात्री नदीवर कसं बोचतं ते जाऊन आलेल्यांना माहीत आहे. अशा वेळी लोक होडीवर ताडपत्री ओढतात, बाजू खाली सोडतात आणि उरलेले निखारे शेकोटी म्हणून आत घेतात. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, धूरही दिसत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं दिवसभराचा शीण आहे. गॅसची ग्रिलही ताडपत्रीखाली पेटवायची नाही, कारण तेच. थंडी वाजली तर घोंगडी घ्या, नाहीतर काठावर उतरून शेका.

मग भरिताचं काय? सासरवाडी जळगाव जिल्ह्यातल्या यावलकडची, त्यामुळे हा प्रश्न घरातून रोज येतो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते मोठं, हिरवं-पांढरं वांगं ग्रिलवर झाकण लावून छान मऊ होतं, साल सुटून येते. पण कपाशीच्या काड्यांच्या जाळाचा वास त्याला येत नाही, आणि कपाशीच्या काड्या होडीवर म्हणजे ठिणग्यांचा पाऊस. म्हणून आता वांगी आधीच नदीकाठी काड्यांवर भाजून घेतो, बडगीत (लाकडी उखळीत) ठेचून डब्यात भरतो, आणि होडीवर फक्त मासे, कणसं आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरी गरम करणं. मासा घेताना मरळ बरा पडतो, काटा कमी आणि मांस घट्ट, जाळीवर तुटत नाही. मसाल्यात तेल अगदी बोटाला लागेल एवढंच. तेल ठिबकलं की ज्योत उसळते आणि मग ती वाऱ्याबरोबर कुठे झुकेल याचा नेम नाही. ठिबकलेलं गाळ-तेल तापीत ओतायचं नाही. डब्यात घालून घरी.

राहिलेली कामं दोन. ठिबक धरणारा ट्रे उथळ आहे, होडी डुलली की सांडतो. खोल आणि आतून आडव्या पट्टीचा करून घ्यायचाय. दुसरं उन्हाळ्याचं. ब्युटेनच्या डब्यावर ५० अंशांच्या वर ठेवू नये असं छापलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४४-४५ होतं. उन्हातल्या बंद पेटीत ते सहज ओलांडतं. सुटे डबे म्हणून होडीवर नेतच नाही, लागेल तो एकच. ग्रिलमध्ये बसवलेल्या डब्यावर बर्नरची धग किती जाते ते बघायला त्याच्या अंगाला चिकटवायचा थर्मामीटर मागवलाय. जाळीपेक्षा मोठा तवा ठेवला की धग खाली वळून डब्याकडे येते, त्यामुळे तवा सध्या बंद. एप्रिलमध्ये सकाळी आठच्या आत आणि दुपारी बाराला, दोन्ही वेळचे आकडे घेऊन पुढच्या नोंदीत टाकतो. बाराचा आकडा ४५ च्या वर आला तर पावसाळा संपेपर्यंत ग्रिल घरीच राहील.