बूस्ट गेजचा काटा शून्यावर: जुन्या व्ही-क्रॉसवर घालवलेले दोन शनिवार-रविवार

गाडी घेऊन दीड महिना झाला. इसुझु डी-मॅक्स व्ही-क्रॉस, २०१७ ची, २.५ लिटर डिझेल, मीटरवर १ लाख १८ हजार किलोमीटर. आधीच्या मालकाने हौसेने बरंच काही बसवलं होतं. त्यातलंच एक ए-पिलरवरचं, म्हणजे पुढच्या काचेशेजारच्या खांबावरचं, ५२ मिलिमीटरचं बूस्ट गेज. टर्बो इंजिनात हवा किती जादा दाबाने ढकलतो (यालाच बूस्ट म्हणतात) ते हे दाखवतं. रात्री दिवे लावले की छान निळं उजळतं, पण काटा शून्यावरून हलत नाही. व्यवहाराच्या वेळी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "ते नुसतं शोला आहे." एका गॅरेजमध्ये दाखवलं तर तिथेही नवीन गेज टाका म्हणाले.

मला हे गेज चालू हवंच होतं. या इंजिनाचा ३२० न्यूटन-मीटरचा टॉर्क १८०० ते २८०० आरपीएमच्या पट्ट्यात मिळतो, आणि तो सगळा टर्बोच्या जिवावर. वापरलेल्या गाडीत टर्बोचा होज उकलला किंवा आतली पाती काजळीने अडकायला लागली, तर त्याची पहिली खूण बूस्टमध्ये दिसते. धूर, ताकद कमी होणं, इंजिनचा दिवा लागणं हे सगळं त्यानंतरचं. मागे दोन बाइक लादून वरंधा घाट चढायचा असेल तर ही खूण मला आधी कळायला हवी.

शुक्रवार संध्याकाळ: टर्बो ठीक आहे का?

गेजला हात लावण्याआधी हे बघितलं. काटा शून्यावर असण्याचं एक कारण बूस्टच नसणं हेही असू शकतं, आणि तसं असतं तर पुढची सगळी खटपट वाया गेली असती.

गाडीच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे बिघाड तपासण्याच्या जोडणीला, ब्लूटूथचा ईएलएम ३२७ स्कॅनर लावला. तो गाडीच्या सेन्सरचे आकडे फोनवर दाखवतो. इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन ऑन केलं. मॅनिफोल्डमधलं (इंजिनाच्या सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळकांड्यातलं) प्रेशर ९५ किलोपास्कल. हा बूस्ट नाही, ही पुण्याची हवा. समुद्रकिनारी हाच आकडा १०१ च्या आसपास येतो, आपण साधारण ५६० मीटरवर असल्यामुळे कमी. गाडीचा सेन्सर निरपेक्ष दाब सांगतो, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब त्यात धरलेला असतो. बूस्ट काढायचा तर इंजिन बंद असतानाचा आकडा वजा करायचा. फोनवर २०० दिसले म्हणून दोन बार बूस्ट आहे असं समजणारे मी बरेच पाहिले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पेडल पूर्ण दाबलं. २२०० आरपीएमला फोनवर २००. वजा ९५, उरले १०५ किलोपास्कल, म्हणजे एक बारच्या किंचित वर. टर्बो जोरात आहे. बिघाड इंजिन आणि गेज यांच्यामधल्या दीड मीटरमध्येच कुठेतरी आहे.

ट्यून केलेल्या गाड्या असणाऱ्यांसाठी एक सांगतो. ओबीडीमधला हा आकडा एका बाइटचा असल्याने २५५ च्या वर जाऊच शकत नाही. फोनवर २५५ ला आकडा चिकटला तर खरा दाब त्याहून जास्त असू शकतो.

शनिवार: बाबांचं बीपीचं मशीन

ए-पिलरचं कव्हर काढलं. गेजच्या मागून दोन वायरी आणि एक पातळ नायलॉनची नळी निघते. म्हणजे हे मेकॅनिकल गेज. वायरी फक्त दिव्याच्या, काट्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही. आत चपटी वाकवलेली पितळी नळी असते, दाब आला की ती उलगडू बघते आणि काटा फिरवते. ही युक्ती १८४९ सालची, बूर्दाँ नावाच्या फ्रेंच माणसाची. आजही तशीच चालते. (मागे नळीऐवजी सेन्सरकडे जाणाऱ्या वायरी असत्या तर गेज इलेक्ट्रिक. मग मल्टीमीटर घेऊन सेन्सरला पुरवठा आणि अर्थ मिळतोय का, आणि दाबाबरोबर सिग्नलचा व्होल्टेज चढतोय का, हे बघायचं.)

पहिली शंका होती की फिटरने नळी व्हॅक्यूमच्या लाइनीत तर जोडली नाही ना. डिझेलमध्ये ही चूक सर्रास होते, कारण बॉनेट उघडल्यावर पातळ रबरी नळ्या दिसतात त्या बहुतेक व्हॅक्यूम पंपाच्याच. पण तसं असतं तर इंजिन सुरू होताच काटा शून्याच्या डावीकडे पळाला असता. आमचा ढिम्म होता. शंका मिटली.

आता गेज स्वतः जिवंत आहे का? टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी गेजला थेट कधीही लावू नका. तिथे सात-आठ बार दाब असतो आणि गेज दोन बारचं. आतली नळी एकदा ताणली गेली की काटा परत शून्यावर येत नाही. मला थोडा, मोजता येणारा दाब हवा होता. घरात त्यासाठी उत्तम वस्तू होती, बाबांचं जुनं डायलवालं बीपीचं मशीन.

"बाबा, तुमचं मशीन तासभर नेऊ का?"

"ने की. पण फुग्याला ग्रीसचे हात लावू नकोस."

बीपी मशीनचे ३०० मिलिमीटर म्हणजे ४० किलोपास्कल, बरोब्बर ०.४ बार. दंडाला बांधायचा पट्टा काढून ठेवला, त्याची रबरी नळी गेजच्या निपलवर चढवली आणि फुगा हळूहळू दाबला. काटा उठला! १५० ला ०.२, ३०० ला ०.४ च्या रेघेवर. झडप सोडल्यावर सरळ शून्यावर आला. दोन-तीनदा केलं, दर वेळी तेच. जे गेज बदलायला सांगितलं होतं ते ठणठणीत होतं.

मग फुगा गेजऐवजी नायलॉनच्या नळीला लावला. नळीचं दुसरं टोक इंजिनावर जोडलेलंच होतं आणि इंजिन बंद होतं, म्हणजे इथून भरलेली हवा मॅनिफोल्डमध्ये निघून जायला हवी आणि बीपीचा काटा वर चढताच कामा नये. तो २०० पर्यंत चढला, आणि तिथून अगदी सावकाश उतरू लागला. हवा पलीकडे जात नव्हती. लाइन तुंबली होती. शिवाय तुंबलेल्या लाइनीत दाब टिकून राहायला हवा होता, तो उतरत होता, म्हणजे कुठूनतरी गळतीही होती. त्या क्षणी मला फक्त तुंबणं दिसलं, गळतीचा अर्थ दुसऱ्या दिवशी लागला.

स्टोव्हची पिन

नळीचा माग काढत बॉनेटखाली गेलो. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) रबरी बुशातून नळी नीट आली होती, कुठे दबली नव्हती. शेवटी इनटेक मॅनिफोल्डच्या तोंडाशी भोक पाडून, आटे पाडून, १/८ इंची पितळी निपल बसवलं होतं. इथे मी बराच वेळ नुसता बघत उभा राहिलो. ईजीआर म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा. तिचा वायू जिथे ताज्या हवेत मिसळतो, त्यानंतरच्या भागात हे भोक होतं.

डिझेलच्या ईजीआरमधून काजळी येते, क्रँककेसच्या ब्रीदरमधून (इंजिनाच्या तळातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) तेलाची वाफ येते. दोन्ही एकत्र आलं की मॅनिफोल्डच्या आत जे साचतं ते ज्यांनी एकदा तरी ईजीआर खोलला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आणि निपलमध्ये रिस्ट्रिक्टर होता, टाचणीच्या टोकाएवढ्या भोकाची पितळी गोळी. ती तिथे असणं योग्यच आहे. काटा थरथरू नये आणि नळी तुटली तर बूस्ट वाया जाऊ नये म्हणून ती टाकतात. पण काजळीच्या जागेत एवढं बारीक भोक किती दिवस उघडं राहणार?

निपल काढून उजेडात धरलं. भोकातून उजेड येत नव्हता. आतून काळा, चिकट, डांबरासारखा थर बसलेला, बोटाला लागला तर साबणाने दोनदा धुऊन निघाला. कार्ब क्लीनर मारून पाच मिनिटं ठेवलं, काही झालं नाही. शेवटी आईच्या डब्यातून रॉकेलच्या स्टोव्हची पिन आणली. ती पत्र्याची पट्टी आणि टोकाला केसासारखी तार, ज्यांच्या घरी स्टोव्ह होता त्यांना आठवत असेल. तार घालून हलके फिरवली, पलीकडून शेवयाच्या तुकड्यासारखी काळी वळी बाहेर आली. पुन्हा क्लीनर मारला, पुन्हा तार, आणि मग भोकातून आभाळाचा गोल ठिपका दिसला.

सगळं जोडून संध्याकाळी चक्कर मारली. काटा हलला. जल्लोष करणार तोच फोनकडे लक्ष गेलं. फोनप्रमाणे बूस्ट १.०५, गेजवर जेमतेम ०.६.

रविवार: हलणारा काटा खरं बोलतोच असं नाही

काटा हलला म्हणून इथेच थांबावंसं वाटतं. पण मला कमी दाखवणारं गेज बंद गेजपेक्षा घातक वाटतं, कारण त्यावर आपण विसंबतो.

रिस्ट्रिक्टरचं गणित असं. लाइन पूर्ण बंद असेल तर तिच्यात हवा वाहत नाही, आणि वाहत नसेल तर भोक कितीही बारीक असलं तरी दोन्ही बाजूंना दाब सारखाच होतो. पण लाइनीत कुठे गळती असेल तर हवा सतत वाहत राहते आणि ते बारीक भोक मधला दाब खाऊन टाकतं. गेजपर्यंत उरेल तेवढाच पोचतो. म्हणून एवढीशी गळतीही इतका मोठा फरक पाडते.

पुन्हा बीपीचं मशीन. नळीचं इंजिनाकडचं टोक बंद केलं, टी आकाराच्या एका जोडाने गेज आणि फुगा दोन्ही जोडले, ३०० पर्यंत भरलं. अर्ध्या मिनिटात १८०. भांड्याच्या साबणाचा फेस ब्रशने जोडाजोडाला लावला. गेजच्या मागच्या नटापाशी राईएवढे बुडबुडे, एकामागून एक. नट खोलला तर नळीवरचं ऑलिव्ह (जोड हवाबंद करणारं छोटं कडं) इतकं आवळलेलं होतं की नायलॉनवर खाच पडून चीर गेली होती. नळीचा सेंटिमीटरभर तुकडा नव्या ब्लेडने काटकोनात कापला, नवीन ऑलिव्ह घातलं, हाताने घट्ट करून मग पान्याने पाऊण फेरा. पुन्हा ३००. चहा घेऊन आलो तरी २९८.

पुढचा शनिवार: जागाच बदलली

दुरुस्ती इथे संपली असती, पण काजळीत बसलेलं निपल सहा महिन्यांत पुन्हा तुंबणार हे उघड होतं. दाब घ्यायची योग्य जागा म्हणजे इंटरकूलरनंतर (तो टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करतो) आणि ईजीआरच्या आधी. तिथे हवा स्वच्छ असते आणि नायलॉनला सोसेल इतकी थंडही. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या गरम बाजूला ही नळी लावू नका, मऊ पडेल.

गाडीवरच्या पाइपला जागेवर ड्रिल करायला माझी ठाम ना होती. ॲल्युमिनियमचा एक कीस इंजिनात गेला तर गेजचा शौक फार महागात पडेल. भोसरीच्या एका लेथवाल्या काकांकडे जुन्या होजचं माप घेऊन गेलो आणि आतून बसेल असा ॲल्युमिनियमचा जॉइनर करून मागितला.

"काका, भिंत तीन मिलीची पुरेल ना?"

"आटे कशात धरणार तीन मिलीत? तिथे जाड गुबडी ठेवतो. आणि दोन्ही टोकांना कडा उचलतो, नाहीतर होज दाबाने निसटेल."

दोन्ही सूचना लाखमोलाच्या. आटे पाडण्याआधी निपलही सोबत दिलं, कारण १/८ एनपीटीला (अमेरिकन मापाचे आटे) इंचात २७ आटे असतात आणि बीएसपीला (ब्रिटिश मापाचे) २८. गेजच्या किटमध्ये बहुधा एनपीटी येतं, आपल्या हार्डवेअरच्या दुकानात बीएसपी मिळतं. दोन फेरे व्यवस्थित जातात, मग अडकतं, आणि आपण जोर लावून पितळ चिरतो.

होज कापण्याआधी दुसरा नवीन आणून ठेवला होता, तो लागला नाही. जॉइनर बसला, टी-बोल्ट क्लॅम्प आवळले, मॅनिफोल्डचं जुनं भोक प्लगने आणि थ्रेड सीलंटने बंद केलं. रिस्ट्रिक्टर तोच ठेवला.

पसरणी घाट

रविवारी पहाटे वाई. इंजिन बंद, फोनवर ९३. भाऊ शेजारी आकडे लिहायला. मागे पाण्याचे कॅन भरून तीनशे किलो वजन ठेवलं होतं. तिसऱ्या गिअरमध्ये एकसारखा चढ मिळाला तिथे फोन १९८, गेज १.०५. दोन्ही जुळले! पेडलवर पाय पडताच काटा उठतो, फोनचा आकडा त्याच्या मागून धापा टाकत येतो. यासाठीच मला गेज हवं होतं.

पाचगणीला पोचून इंजिन बंद केलं, फोनवर ८७. गेज शून्यावरच, कारण ते भोवतालच्या हवेच्या तुलनेत मोजतं. वरच्या टप्प्यातल्या नोंदी जास्त बोलक्या होत्या. फोन १९६, म्हणजे खालच्यापेक्षा किंचित कमी, पण गेज १.१ ला टेकलेलं. हवा विरळ झाल्यावर इंजिनाला तेवढीच हवा पुरवायला टर्बो जास्त जोर काढत होता, आणि ते डोळ्यांसमोर काट्यावर दिसत होतं. भाऊ म्हणाला, "म्हणजे घाटमाथ्यावर टर्बोला जास्त काम." अगदी तेच.

परतल्यावर थंड इंजिनावर सगळे जोड पुन्हा साबणाने तपासले, कोरडे आहेत. पाचशे किलोमीटरनंतर क्लॅम्प एकदा आवळणार. आणि त्या निपलमध्ये जे पाहिलं ते मॅनिफोल्डभर असणार, म्हणून ईजीआर आणि इनटेक खोलायचं ठरवलंय. गॅस्केट आणून ठेवली आहेत, स्टोव्हची पिनही टूलबॉक्समध्येच आहे.