वेढ्यातला उपवासकाळ

वसईच्या ख्रिस्ती बाईने 1739 वर, म्हणजे मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला त्या वर्षावर, कादंबरी लिहायची म्हणजे फिर्यादी, आरोपी आणि साक्षीदार सगळे एकाच घरात. शाळेत चिमाजीआप्पांचा धडा आला की मीही बाकीच्या मुलींसारखीच ताठ बसायचे. किल्ला हाती येत नसेल तर माझं डोकं तरी तोफेतून आत फेका, ही गोष्ट (खरी का दंतकथा, देव जाणे) मला तोंडपाठ होती. आणि संध्याकाळी घरी गुडघे टेकून रोझरी. दोन्हींचं कधी भांडण झालं नाही. लिहायला घेतल्यावर मात्र जो तो विचारतो, "मग तू कुणाच्या बाजूची?"

मी कागदांच्या बाजूची, असं सांगून सुटका करून घेते. ते अगदीच खोटं नाही. इतिहासकार सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातून निवडून छापलेल्या 45 खंडांत वसई मोहिमेची पत्रं आहेत. ती वाचताना माझा वेळ मजेत जातो. त्यांत शौर्य कमी आणि दारूगोळा, दाणापाणी, पैसा यांची रड जास्त. मला तेच हवं असतं. पोर्तुगीज कागद मात्र शब्दकोश मांडीवर घेऊन वाचावं लागतं. दुपारभरात एक पान झालं तर सणच समजायचा.

पण माझ्या कादंबरीचा सांगाडा या दोन्हींतून आला नाही. तो आला घरातल्या धर्मग्रामाच्या कॅलेंडरवरून. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला होता, तो सुरू करणाऱ्या राखेच्या बुधवारचा टिळा कपाळावर होता आणि सहज मनात आलं, त्या वर्षी राखेचा बुधवार कधी होता? ईस्टरची तारीख काढायचं गणित अवघड नाही, पाटीवर होतं. 1739 चा ईस्टर आला 29 मार्चला, म्हणजे राखेचा बुधवार 11 फेब्रुवारी. चिमाजीआप्पांनी वसईचा वेढा आवळला तोही फेब्रुवारीतच! वेढा आणि उपवासकाळ जवळजवळ हातात हात घालून सुरू झाले. मग पुढचं मोजलं. किल्ला स्वाधीन करण्याचा तह झाला 16 मे रोजी, शनिवारी. दुसऱ्या दिवशी, 17 मे, पेन्टेकॉस्टचा, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा रविवार.

कागदांत कुणी हे लिहून ठेवलेलं माझ्या पाहण्यात नाही. मराठी पत्रांना त्याचं काय होय? पण तटाच्या आत असलेल्या माणसाला ते सांगावं लागलं नसतं. मांस बंद ते नेमाने की संपलंय म्हणून, हे ज्या घरात कळेनासं झालं त्या घरापासून मी पहिलं प्रकरण सुरू केलं. झावळ्यांच्या रविवारी, 22 मार्चला, झावळ्या आणायला तटाबाहेर कोण जाणार? माड तर बाहेर, मराठ्यांच्या मोर्चांपलीकडे. हे एक प्रकरण मी फार आनंदाने लिहिलं. एक पोरगा रात्री खाडीच्या बाजूने जातो. पुढचं सांगत नाही.

आणि पेन्टेकॉस्ट. दारं लावून घाबरून बसलेले शिष्य, मग वारा, मग अग्नीच्या जिभा. दरवर्षी मी हे वाचन मिस्साला ऐकते आणि दरवर्षी अर्धं लक्ष उन्हाळ्याकडे असतं. सान सेबास्तियान बुरुजाखाली सुरुंग उडाल्यानंतर, पंख्याने वारा घेत, आठवड्याभरात घर सोडायचंय हे माहीत असलेल्या लोकांनी ते कसं ऐकलं असेल? पाद्रीने प्रवचनात काय सांगितलं असेल? मी ते प्रवचन लिहून पाहिलं. वाईट झालं. शेवटी पाद्रीला खोकला लावला आणि प्रवचन आटोपतं घेतलं.

श्रद्धा असलेल्या लेखिकेला एक लालूच असते: आपल्या चर्चमधली माणसं जरा उजळ दाखवायची. इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, गोव्यात 1560 पासून होतं आणि त्याचा हात वसईपर्यंत पोचत होता. 1684 मध्ये तर स्थानिक भाषाच मोडून काढायचं फर्मान निघालं. ज्या मराठीत फादर स्टीफन्सनी अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं, 1616 मध्ये छापून घेतलं, तिच्या सख्ख्या बहिणीवर, कोंकणीवर, हा घाव. हे लिहिताना मी हात आखडता घेत नाही. माझ्या पुस्तकातला कमिसार, इन्क्विझिशनचा अधिकारी, रोज सकाळी तीच प्रार्थना म्हणतो जी मी म्हणते, आणि त्याची प्रार्थना खोटी नाही. हे पचवायला जड जातं, पण त्याला ढोंगी केला की तो फुकट जातो. तसंच वज्रेश्वरीला नवस बोलणारा मावळा. त्याचा नवस मी माझ्या आजीने वेलंकनीच्या मातेला बोललेल्या नवसाच्याच गांभीर्याने लिहिते. आमच्या मंडळातल्या एका बाईंना हे खटकलं. खटकू दे.

किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा हिंदू देवळादेवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा 1721 ची. मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला तिचं नाव ठेवतात ते वेगळंच. मेणवलीला कृष्णेच्या घाटावर आहे तिच्यावर बाळाला घेतलेली मारिया आणि 1707 हे साल. मी हात लावून पाहिला. मारियेचा चेहरा झिजलाय, बाळाचा गुडघा मात्र अजून बोटाला लागतो. शेजारी एक आजोबा उभे होते. "वाजवा की," म्हणाले. वाजवली. मला वाटलं होतं राग येईल किंवा रडू येईल. दोन्ही आलं नाही, कानात दडे बसले तेवढं.

23 मेला पोर्तुगीज शिबंदी हत्यारांसह, नगारे वाजवत, निशाणं फडकवत बाहेर पडली. तहाने तशी मुभा होती, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळायचीही. इतिहासाची पुस्तकं त्या नगाऱ्यांबरोबर गोव्याकडे जातात. मी मागे राहणाऱ्यांबरोबर राहिले, कारण आम्ही तेच. माझी नायिका विधवा आहे, केळीची वाडी आहे, राजेळीची केळी उन्हात टाकून सुकेळी करते. गलबतं निघाली तेव्हा ती वाडीत पाणी सोडत होती.

हे प्रकरण शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी चिमाजीआप्पा, पोर्तुगीज सेनापती, पेन्टेकॉस्ट सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या वाडीचा सारा पुढच्या साली कुणाला भरला तिने? आणि वाढवला का त्यांनी?" आता महसुलाचे कागद शोधतेय.