मी कोणाच्या बाजूची, हे तुम्ही विचारलंत म्हणून

चीनमधला १९००चा बॉक्सर उठाव, परदेशी लोक आणि ख्रिस्ती यांच्याविरुद्धचा, शिकवून झाला की तास संपल्यावर कोणीतरी मागे थांबायचंच. "मॅडम, पण तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या?" आमच्या नात्यागोत्यात हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने यायचा. "आपल्या ख्रिस्ती माणसांना मारलं त्यांनी, आणि तू त्यांची वकिली करतेस?" एकतीस वर्षं शिकवलं, आता निवृत्त झाले, तरी प्रश्न काही निवृत्त होत नाही. एकदा नीट लिहून टाकते.

आधी नातेवाइकांसाठी. ही वकिली नाही. शानतुंग प्रांतातल्या लियुआनथुन गावी १८६९ साली जमिनीची वाटणी झाली आणि देवळाची जागा ख्रिस्ती घरांच्या वाट्याला गेली. त्यांनी तिथे चर्च बांधायला घेतलं. तो तंटा पुढे जवळजवळ तीस वर्षं धुमसला. गावच्या भांडणात एका बाजूच्या पाठीशी परदेशी वकिलात उभी राहत असेल, तर दुसऱ्या बाजूने दाद मागायची कुठे? १८९७च्या नोव्हेंबरात त्याच प्रांतात दोन जर्मन पाद्र्यांचा खून झाला आणि दोन आठवड्यांच्या आत जर्मन आरमाराने च्याओचौचा उपसागर बळकावला. १८९९मध्ये कॅथलिक बिशपांना प्रांताच्या गव्हर्नरच्या बरोबरीचा मान मिळाला. त्यात आदल्या वर्षी पिवळ्या नदीचा पूर आणि पाठोपाठ अवर्षण. यीहेत्वानमध्ये, म्हणजे बॉक्सरांच्या संघटनेत, गेलेली बहुतेक पोरं शेतकऱ्यांची होती, उपाशी होती. अंगात देव आला की गोळी लागत नाही असं त्यांना सांगितलं गेलं, आणि त्यांनी ते खरं मानलं. त्यांचा राग खोटा नव्हता. हे मी आजही असंच शिकवीन.

पण तुम्ही विचारता ते एवढंच नसतं, हे मला कळतं.

माझी पणजी १९००च्या दुष्काळातलं पोर. नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशनच्या अनाथाश्रमात कोणीतरी तिला आणून सोडलं. आई-बापाचं नावही तिला सांगता येत नव्हतं. तिथे ती जगली, शिकली, म्हणून आम्ही आहोत. आम्हा मुलांना शाळेत एक शब्द पाठ होता, बाटगे. पोटासाठी बाटले. चीनमध्येही अशांना 'धर्म खाणारे' म्हणत, आणि बॉक्सरांनी त्यांना ठेवलेलं नाव होतं 'दुय्यम केसाळ'. परदेशी माणूस पहिल्या नंबरचा केसाळ, त्याच्या देवाला मानणारा चिनी दुसऱ्या नंबरचा. पाऊस पडत नाही कारण चर्चनी आभाळ अडवून धरलंय, अशी पत्रकं बॉक्सर भिंतींवर लावत होते. पणजीला अनाथाश्रमात आणलं ते याच सुमारास.

आता ती गोष्ट, जी मी आईखेरीज कोणालाच सांगितलेली नाही.

१९९९च्या जानेवारीत आमच्या कॉलेजात व्याख्यानमाला होती. माझा विषय बॉक्सर. मी तयारीने बोलले. आठ देशांच्या फौजा, पेकिंगच्या वकिलातींना पंचावन्न दिवसांचा वेढा, उखडलेले रेल्वेचे रूळ, बॉक्सरांत सामील झालेल्या लाल कंदीलवाल्या मुली. १८५७शी तुलना केली. टाळ्या पडल्या. गुजरातेत डांगमध्ये नाताळच्या सुमाराला चर्च जाळल्याच्या बातम्या तेव्हा ताज्या होत्या. स्टाफरूममध्ये चहा आला आणि एक सहकारी मनापासून म्हणाले, "मॅडम, छान मांडलंत. तुमच्या बॉक्सरांनी वेळीच हात उचलला. आपल्याकडेही हेच व्हायला हवं होतं, आता कुठे सुरुवात झालीय." सगळे हसले. माझ्या आडनावावरून काही कळत नाही, त्यांना माहीत नव्हतं.

मीही हसले. मोठ्याने नाही. पण हसले.

त्यांना दोष देऊन मी सुटू शकले असते, बरीच वर्षं तसं करूनही पाहिलं. पण ते बोलले ते माझ्याच व्याख्यानातून उचलून बोलले. रात्री टिपणं काढून पाहिली. एक तासाच्या भाषणात मारल्या गेलेल्या चिनी ख्रिस्ती माणसांसाठी एक वाक्य होतं: "या काळात काही चिनी ख्रिस्तीही मारले गेले." काही. मारल्या गेलेल्या परदेशी मिशनऱ्यांचा, त्यांच्या मुलांसकट, आकडा दोनशेच्या आसपास आहे. चिनी ख्रिस्ती सुमारे ३०,०००. मला तो आकडा पाठ होता. मी 'काही' लिहिलं होतं.

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "हसलीस?" एवढंच म्हणाली आणि पुन्हा सुपात बघायला लागली. पुढे तिने तो विषय कधी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर चार-पाच वर्षं मी उलटं शिकवलं. १९००च्या ९ जुलैला शान्शी प्रांतात थाय्युआनमध्ये गव्हर्नरच्या आवारात मिशनऱ्यांचं काय झालं, ३१ जुलैला थायकूमध्ये आमच्याच मिशनच्या अमेरिकन बोर्डाची माणसं कशी मेली, त्यांच्याबरोबर राहिलेल्या चिनी मंडळींचं काय झालं. रडवेल असं शिकवायचे. तेही खरंच होतं, पण तेव्हाही मी गाळत होतेच. त्याच बोर्डाचे एक मिशनरी, अमेंट, वेढा उठल्यावर खेड्यांतून भरपाई वसूल करत हिंडले, नुकसानीच्या वर आणखी एक तृतीयांश. मार्क ट्वेनने १९०१मध्ये त्यावर जाहीर कोरडे ओढले. हे मी सांगत नव्हते. सातव्या रजपूत पलटणीतला शिपाई गदाधरसिंग चिन्यांशी लढायला गेला आणि दोस्त फौजांची लूट, गावकऱ्यांचे हाल पाहून परतल्यावर त्यांच्याविषयी कळवळून हिंदीत लिहिता झाला. तोही माझ्या टिपणांत नव्हता. वकिलातींत पहिले शिरले ते हिंदी शिपाई, गटाराच्या वाटेने, हे सांगितलं की मुलं खूश व्हायची. तिथे मी थांबायचे.

तडजोडीचा करार झाला १९०१च्या सप्टेंबरात. ४५ कोटी तैल (चांदीचं चिनी माप) दंड, चीनच्या माणशी एक या हिशोबाने, ३९ वर्षांत व्याजासकट फेडायचा. म्हणजे बॉक्सरांनी जिचं घर जाळलं त्या ख्रिस्ती विधवेच्या नावावरही एक तैल. हे वाचून मी किती वेळा बाजू बदलली असेल सांगता येणार नाही. एकदा सकाळी बदलली आणि दुपारच्या तासाला परत बदलली, असंही झालंय.

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. स्पर्धा परीक्षेची तयारी करते. "मावशी, उठाव लिहू की दंगल? दीडशे शब्दांत बसवायचंय, दोन्ही बाजू मावत नाहीत. काय गाळू?"

मी म्हटलं, उठाव लिही. काय गाळायचं ते तू ठरव, मला अजून ठरवता आलेलं नाही. फक्त मेलेल्यांच्या आधी 'काही' लिहू नकोस.